चार नंबरचं टक्कल

टीम जिंकली तर मिसळीवर जिलबी, हरली तर नुसती मिसळ, असा आम्हा पाठीराख्यांचा नियम आहे. त्या नियमापायी दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी मी मखमलाबाद रोडच्या त्या हॉटेलात जिलबीच्या कढईकडे नुसती बघत बसायचे. घरी आणून खा की, असं कुणीही म्हणेल. पण हरून आल्यावर विकत घेतलेली जिलबी मऊ पडते, हे मी शपथेवर सांगते.

टीम म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. आमच्या कॉलनीतले आणि आजूबाजूचे, नोकऱ्या-दुकानं सांभाळून खेळणारे दहा-बारा जण. शहरातल्या अशाच टीमांची रविवारी सकाळी लीग चालते आणि त्यात आम्ही तळाला होतो. तळाला म्हणजे आमच्या खाली फक्त मैदान. गोल मारण्यात आमची मंडळी बऱ्यापैकी होती, पण खाण्यात त्याहून सरस. दर रविवारी सकाळी आधी चार-पाच गोल खायचे आणि मग मिसळ, असा क्रम लागून गेला होता.

आणि हे गोल जिथून आत यायचे त्या दारातच माझा नवरा उभा असायचा. चार नंबर, डिफेन्सच्या मधोमध. वय शेहेचाळीस. बाकीचे त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. उजव्या गुडघ्याला पट्टा, आणि डोक्यावर केस नावालाही नाहीत, त्यामुळे सकाळच्या उन्हात तो मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून ओळखू येतो. आमच्या घरात मी त्याला अरे म्हणते आणि चारचौघांत अहो. मैदानावर मात्र मनातल्या मनात जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पाठीराखे म्हणजे आम्ही चौघं. एक बँकवाले काका, बँकेतून रिटायर झालेले, फुटबॉलमधलं सगळं आपल्यालाच कळतं अशा समजुतीत सुखी. दुसरे फुलवाले मामा, मखमलाबादला झेंडू-शेवंतीची शेती, त्यांचा भाचा आमच्याकडे पुढे खेळतो. पहाटे फुलबाजार उरकून ते थेट मैदानावर येतात. तिसरी आमच्या गोलकीपरची आई, जी समोरचे कॉर्नर घ्यायला लागले की डोळे मिटून घेते आणि गोल झाला की नाही ते आम्हाला विचारते. चौथी मी, थर्मासवाली.

आमची बसायची जागा ठरलेली. मैदानाच्या भिंतीला लागून कडुनिंबाखाली तीन पायऱ्या आहेत, तिथे. सावली मिळते, पण सूर्य थेट डोळ्यांत. खेळाडूंची बसायची जागा पार पलीकडे, पाण्याच्या पंपाच्या खोलीपाशी. तेव्हा पलीकडे कोण बसलंय, कोण झोपलंय, ते आम्हाला नीट दिसत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

तर ह्या पायऱ्यांवरून बँकवाले काका दर रविवारी, न चुकता, हात तोंडाशी धरून ओरडायचे, "चार नंबर, झोपलास का रे?" हे माझ्या शेजारी बसून. आणि ओरडून झालं की माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "वहिनी, राग मानू नका हं, खेळाबद्दल बोलतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी फक्त चहा ओतताना त्यांना अर्धा कप द्यायचे. ते बिचारे कपात बघायचे, मग माझ्याकडे बघायचे आणि गुमान पिऊन टाकायचे.

पण खरं सांगायचं तर काका चुकीचं बोलत नव्हते, आणि हे नवऱ्यालाही कळत होतं. ही गोष्ट ज्या रविवारची, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही पाच गोल खाल्ले होते, त्यातले दोन तर त्याच्या अगदी शेजारून गेले. घरी आल्यावर बूट काढताना तो म्हणाला, "पुढच्या रविवारी परत असंच झालं ना, तर हे बूट माळ्यावर." सहज म्हणाला, पण बूट हातात धरून बराच वेळ बसला होता.

मी वरवर म्हटलं, बघू तेव्हाचं तेव्हा. आतून मात्र धस्स झालं. त्याच्यासाठी, हो, त्याच्यासाठी तर झालंच. गुडघा सुजून तो महिनाभर घरी होता तेव्हा रविवारी सकाळी त्याने माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले होते. हिंगाची डबी मला अजून सापडलेली नाही. पण त्याहून मोठी भीती माझी स्वतःची होती. हा खेळायचा थांबला तर माझाही रविवार संपला. त्या पायऱ्या, तो थर्मास, गोलकीपरच्या आईचं "झाला का गं?", मामांनी पदरात टाकलेली ओली शेवंती, सगळं बंद. नवरा खेळत नसताना ही बाई एकटी इथे काय करते, असं मला कुणी विचारलं नसतं. पण विचारल्यासारखं मला वाटलं असतं, आणि मी गेले नसते. आठवडाभर पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात डिफेन्स होता.

रविवारी थंडी मरणाची. आम्ही पायऱ्यांवर शाली गुंडाळून बसलो. मॅच सुरू व्हायच्या तोंडावर माझ्या फोनवर नवऱ्याचा मेसेज आला. "वॉर्मअपला पोटरी धरली. मी बाहेर. बदली आलाय."

आमच्या टीमकडे जर्सीचा एकच सेट आहे. कुणी बाहेर बसला की त्याने अंगातली जर्सी काढून बदलीला द्यायची, हा रिवाज. म्हणजे आता चार नंबर दुसऱ्याच्या अंगावर चढणार होता. बदली म्हणजे अंबडच्या कंपनीत कामाला असलेला एकजण, नवऱ्याच्याच उंचीचा, त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मुलगी झाली म्हणून नवस फेडायला पंधरा दिवस घरच्यांना घेऊन तिरुपतीला गेला होता, तो शुक्रवारीच परतला होता. तिरुपतीला जाऊन आलेला माणूस परत येताना कसा दिसतो ते तुम्हाला माहीत आहे.

मी हे बाकीच्यांना सांगणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात समोरच्यांनी लांबून बॉल आत टाकला, आणि एक चकाकतं डोकं सगळ्यांच्या वर उसळलं आणि बॉल पार मैदानाच्या मध्यावर गेला. काका उभेच राहिले. "वहिनी! आज काय खाऊ घातलंत ह्याला?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काका माझ्याकडे वळून चांगलं बोलले होते. मी तोंड मिटलं. म्हटलं, जरा वेळ ऐकून घेऊ.

तो जरा वेळ संपेचना. चार नंबर पुढे जाऊन बॉल तोडतोय, चार नंबर हात वर करून बाकीच्या तिघांना वर काढतोय, चार नंबर पळतोय. नवरा कधी असा पळाला होता ते मला आठवेना. लग्नाआधी बस पकडताना बहुतेक. मामा म्हणाले, "आज ताईंच्या मालकांच्या अंगात आलंय काहीतरी." हाफटाइमला मी पलीकडे जाऊन त्याची पोटरी बघून यावी म्हणून उठायला गेले, तर गोलकीपरच्या आईने माझी शाल धरून खाली बसवलं. "अजिबात उठायचं नाही. एकही गोल खाल्लेला नाही आपण. आता कुणी जागा बदलायची नाही की काही नवीन बोलायचं नाही." आता ह्या हुकुमापुढे मी काय करणार?

दुसऱ्या हाफमध्ये मामांच्या भाच्याच्या नडगीला लागून बॉल आत गेला. त्याला स्वतःला कळलं नाही, रेफ्रीने शिट्टी वाजवल्यावर कळलं. एक-शून्य. शेवटच्या कॉर्नरला गोलकीपरच्या आईने डोळे मिटले, काकांनीही मिटले, आणि चकाकतं डोकं पुन्हा एकदा वर गेलं. संपली मॅच. मामांनी पिशवीतली उरलेली फुलं काढून आमच्याच अंगावर उधळली. काका, ब्लडप्रेशरची गोळी घेणारा माणूस, पायऱ्यांवरून उडी मारून खाली उतरले.

हॉटेलात पोचल्या पोचल्या काकांनी आधी जिलबी सांगितली आणि मग मिसळ. तो क्रम ऐकूनच मला भरून आलं. बाकीची टीम नेहमीसारखी बाहेरच्या बाकांवर बसली. नवरा मागून आमच्या टेबलावर आला, लंगडत, जॅकेट घालून. बदली मात्र आला नाही. घरी प्रसादाला सासरची मंडळी यायची होती म्हणून तो मैदानावरूनच पळाला होता. नवरा खुर्चीत टेकायच्या आत काकांनी त्याला मिठी मारली.

"लंगडतोयस? लंगड. आज लंगडायचा मान आहे तुला."

"अहो काका, पोटरी..."

"माहीतये. असं खेळल्यावर पोटरी राहील का जागेवर?"

मग सुरू झाली चर्चा. इतके महिने ह्याच टेबलावर आम्ही डिफेन्सबद्दल बोललो होतो, पण ते सुतकात बोलल्यासारखं. आज प्रत्येकाला कारण सापडलं होतं आणि प्रत्येकाचं वेगळं. काका म्हणाले, आज चौघं एका वेळी वर सरकले, म्हणून समोरचे सारखे ऑफसाइड सापडले. मामा म्हणाले, "मी तर कवापासून सांगतो. आमच्या शेवंतीला बांबू लावतो ना, एक बांबू मागं राह्यला की अख्खी रांग कलते. आज एक बी मागं नव्हता. लय भारी." गोलकीपरच्या आईला दोन्ही पटलं नाही. तिच्या मते सगळं श्रेय तिच्या मुलाच्या आवाजाला. "मीच त्याला काल सांगितलं, घरात माझ्यावर जसा खेकसतोस ना, तसा मैदानावर त्यांच्यावर खेकस. आज ऐकलंत ना? कसा ओरडत होता."

"ते सगळं ठीक आहे," काका म्हणाले, "पण मुळात आज चार नंबर जागा होता." आणि नवऱ्याच्या ताटलीत एक जिलबी ठेवली.

नवऱ्याला ठसका लागला. रस्सा झणझणीत होता हे खरं, पण ठसका त्याचा नव्हता. त्याने माझ्याकडे बघितलं. तू ह्यांना सांगितलं नाहीस? असं ते बघणं. मी पापड मोडायला घेतला.

"काका, ऐका जरा," तो म्हणाला. "चार नंबर आज मी नव्हतोच."

"बरोबर आहे. आज तू तू नव्हतासच. वेगळाच माणूस होतास."

"तसं नाही हो. खरंच. मी बाहेर होतो."

"पुरे झाला तुझा विनय," गोलकीपरची आई म्हणाली. "खा गरम आहे तोवर."

काकांनी तर लिंबाच्या चार फोडी ओळीने मांडल्या आणि म्हणाले, दाखव, तो शेवटचा कॉर्नर नेमका कसा काढलास. नवऱ्याने एकदा फोडींकडे बघितलं. आणि काय सांगू, त्याला राहवलं नाही. फुटबॉलचा विषय निघाला की त्याला राहवतच नाही. त्याने एक फोड पुढे सरकवली. "हे बघा, चार नंबर इथे होता. तो मागे गेला नाही, इथेच थांबला. मी असतो तर मागे गेलो असतो. त्यांचा तो उंच प्लेअर इथून आला, तर ह्याने आधीच जागा धरून ठेवली होती." बोटाने फोड हळूच फिरवत तो सांगत होता. सगळे माना डोलवत होते. मी असतो तर, असं तो म्हणाला, ते टेबलावर कुणाला ऐकूच गेलं नाही. मला गेलं. पंपाच्या खोलीपाशी पाय वर करून तो सबंध मॅचभर काय बघत होता, ते मला तेव्हा कळलं. माझ्या हातातला पापड तसाच राहिला.

"बघा," मामा म्हणाले, "कसं समजावून सांगतोय."

"मामा, तो मी नव्हतो," नवरा तिसऱ्यांदा म्हणाला.

"नाय कसं? आम्ही काय आंधळे हाय का? जर्सी पाह्यली, उंची पाह्यली, टक्कल पाह्यलं. टक्कल काय खोटं बोलतं का?"

नवरा माझ्याकडे वळला. "तू सांग."

टेबलावर सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. तोंडात जिलबी, कित्येक महिन्यांनी मिळालेली, कुरकुरीत, पाक जिभेवर उतरत असलेली. ती गिळायला मी जितका वेळ लावता येईल तितका लावला. मग म्हटलं, "हो. हे पंपापाशी पडून होते. पोटरी धरली होती. जर्सी बदलीने घातली होती."

काकांनी चमचा खाली ठेवला. "मग ते टक्कल कुणाचं?"

"तिरुपती," नवरा म्हणाला.

मग मामांच्या पोटातून हसू निघालं. ते टेबलावर डोकं ठेवून हसले. गोलकीपरची आई पदराने डोळे पुसत हसली. काका हसायचं नाही असं ठरवून बसले होते, पण त्यांच्या तोंडून शेव उडाली, आणि मग तेही हसत सुटले. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. नवरा सगळ्यात मोठ्याने हसत होता.

हसणं ओसरलं तसं सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. इतका वेळ आम्ही काय चघळत होतो? आज डिफेन्स का सुधारला. आणि आता उत्तर समोरच बसलं होतं, जॅकेट घालून, मिसळ खात. काका लिंबाच्या फोडी गोळा करून परत वाटीत टाकायला लागले. मामांना अचानक फोन करायचा होता. गोलकीपरच्या आईने आपल्या ताटलीतली जिलबी उचलून गुपचूप नवऱ्याच्या ताटलीत ठेवली. इतका वेळ त्याचं खोटं कौतुक ऐकून मला गुदगुल्या होत होत्या, आणि आता खऱ्याखुऱ्या मायेने कुणी काही दिलं तर मला ते बघवेना.

नवऱ्याने मात्र ती जिलबी खाल्ली. शांतपणे, संपूर्ण. मग काकांना म्हणाला, "काका, तुम्ही बरोबर बोलायचात. मी झोपलेलोच असायचो."

"अरे, ते आपलं उगाच," काका म्हणाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

स्कूटरवर घरी येताना मी मागे बसून वाट बघत होते, हा आता काय बोलतोय. गंगापूर रोडच्या सिग्नलला तो एकदम खदखदून हसला. "टक्कल काय खोटं बोलतं का, म्हणे." मीही हसले. सिग्नल सुटला तरी आम्ही हसतच होतो, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला. पण बुटांबद्दल तो काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

जर्सी धुवायची पाळी दर आठवड्याला एकेका घराची असते. त्या आठवड्याची पाळी आमची होती. गच्चीवर सगळ्या वाळत घातल्या, आणि चार नंबरला मी उगाचच इस्त्री केली. रविवारी तो बूट पिशवीत टाकून निघाला तेव्हा माझा जीव जरा भांड्यात पडला. पोटरीही बरी होती. मैदानावर तो पलीकडे गेला, मी माझ्या पायरीवर. टीम आत आली. चार नंबर आला, आणि त्याच्या डोक्यावर आठवड्याभराची काळी सावली उगवलेली होती.

मी मान खाली घातली आणि थर्मासचं झाकण उघडायला लागले. ते उघडेना. नेहमीचंच झाकण, पण उघडेना. माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागायला लागले होते.

"सरका जरा," कुणीतरी म्हणालं.

मैदानाला अख्खा वळसा घालून नवरा पायऱ्यांपाशी उभा होता. पायात चपला. काकांनी जागा दिली आणि तो माझ्या आणि त्यांच्या मधे बसला. "बूट दिले त्याला," तो म्हणाला. "त्याचे फाटले होते. माप एकच आहे आमचं." मग माझ्या हातातून थर्मास घेतला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "इथून खरंच काही दिसत नाही गं. कसे बसता तुम्ही इथे?"

गं म्हणाला, चारचौघांत. मी त्याला काठोकाठ कप भरून दिला. माझा रविवार कुठेही गेलेला नव्हता. उलट आता शेजारी बसून चहा पीत होता. मला इतका आनंद झाला की मी काकांनाही पूर्ण कप दिला. त्यांनी कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि प्यायला लागले.

मॅच सुरू झाली. थोड्याच वेळात समोरच्यांनी लांबून बॉल टाकला. चार नंबर, आता कुणाचीही गल्लत होणार नाही असा केस उगवलेला चार नंबर, जरासा उशिरा वळला. बॉल बाहेर गेला, गोल झाला नाही. पण माझा नवरा ताडकन उभा राहिला, हात तोंडाशी धरले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "चार नंबर, झोपलास का रे?"

मग खाली बसला आणि कप पुढे केला. मी त्याला अर्धाच दिला.